जुन्या पिकअपचा स्टिअरिंग बॉक्स आणि त्याची निवड

मोटारीच्या ज्या अवयवांवर चालकाचाच नव्हे तर रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसांचाही जीव अवलंबून असतो, त्यांत ब्रेकच्या बरोबरीने ज्याचे नाव घ्यावे असा अवयव म्हणजे स्टिअरिंग बॉक्स होय. तथापि ब्रेकची जितकी काळजी वाहिली जाते तितकी या ओतीव लोखंडाच्या पेटीची क्वचितच वाहिली जाते. कारण ती सहसा एकाएकी दगा देत नाही, वर्षानुवर्षे कणाकणाने झिजत जाते, आणि चालकाचे हात त्या झिजेशी नकळत जुळवून घेत जातात. चाक दोन बोटे फिरवले तरी गाडी आपली दिशा सोडत नाही, सरळ रस्त्यावरही ते सारखे डावीउजवीकडे सावरत राहावे लागते, आणि तरीही हा जुन्या गाडीचा स्वभावच आहे अशी मालकाची समजूत होऊन बसते. ही समजूत चुकीची आहे. जुन्या गाडीलाही आपल्या मूळ मापात सरळ चालण्याचा अधिकार आहे, आणि तो तिला परत मिळवून देण्यासाठी योग्य पेटी कशी निवडावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक निश्चित उदाहरण समोर ठेवू. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1973 ते 1987 या काळात शेवरोले नावाने ज्या सी आणि के मालिकेच्या पिकअप बनवल्या, त्या चौकोनी बांध्यामुळे तेथे ‘स्क्वेअरबॉडी’ म्हणून ओळखल्या जातात. त्यांतील सी म्हणजे मागील दोन चाकांना शक्ती मिळणारी गाडी आणि के म्हणजे चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी. या गाड्यांचे स्टिअरिंग बॉक्स मिशिगन राज्यातील सॅगिनॉ या गावी असलेल्या, त्याच नावाने प्रसिद्धी पावलेल्या जनरल मोटर्सच्या विभागात तयार होत. गाडी अद्याप कामाला जुंपलेली, मूळ पेटी मात्र झिजलेली, आणि बाजारात तिच्यासारख्या दिसणाऱ्या अनेक पेट्या उपलब्ध, अशी स्थिती या गाड्यांच्या मालकांपुढे नित्य उभी राहते. म्हणून निवडीतील सर्व खाचाखोचा या एका उदाहरणात पाहावयास मिळतात.

प्रथम पेटीच्या अंतरंगाचा परिचय करून घेणे इष्ट आहे, कारण जो आतली रचना जाणत नाही त्याला बाहेरची तफावत दिसत नाही. चालकाच्या हातातील चाकाचा दांडा पेटीत शिरतो तो वर्म या अवयवाच्या रूपाने. त्याच्या अंगावर मळसूत्रासारखी गोलाकार खाच कोरलेली असते. या वर्मवर एक जाड नट बसवलेला असतो, परंतु नटाचे आटे वर्मच्या खाचेवर प्रत्यक्ष घासत नाहीत. दोहोंच्या मधल्या पोकळीत पोलादी छर्रे भरलेले असतात, आणि चाक फिरू लागले की रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणे ते एका टोकाने बाहेर पडून वळणदार नळीवाटे दुसऱ्या टोकाने पुन्हा आत येतात. घर्षणाची जागा लोळण घेते, आणि त्यामुळे चाक हलके फिरते. नटाच्या एका अंगाला दाते पाडलेले असतात. ते सेक्टर शाफ्ट नावाच्या आडव्या दांड्याच्या दात्यांत अडकतात. आणि या दांड्याच्या बाहेर आलेल्या टोकावर पिटमन आर्म बसवलेला असतो, जो पुढील सांध्यांमार्फत चाके वळवतो. ही छर्ऱ्यांची रचना 1940 साली कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे जड वाहनांत सर्वत्र रूढ झाली.

तेलाच्या दाबाने चालकाला साहाय्य करण्याची कल्पना याहूनही जुनी आहे. पिअर्स-ॲरो या मोटार कंपनीत काम केलेले अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी 1926 साली आपली पॉवर स्टिअरिंगची रचना प्रत्यक्ष चालवून दाखवली होती. परंतु खर्चाच्या हिशेबात ती बसेना, म्हणून कारखानदारांनी तिला बराच काळ बाजूस सारले, आणि सर्वसाधारण ग्राहकाच्या मोटारीत ती प्रथम आली ती 1951 साली, क्रायस्लरच्या इम्पीरिअल या गाडीतून. सॅगिनॉच्या पॉवर पेटीत वर सांगितलेला नटच तेलाच्या दाबाने सरकणारा पिस्टनही असतो. चाकाचा दांडा आणि वर्म यांच्यामध्ये एक बारीक पोलादी सळई असते. चालकाने चाकाला जोर लावला की ती किंचित पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते आणि पंपाकडून आलेले तेल पिस्टनच्या योग्य बाजूला जाते. ही सळई जाड असली तर चाक हाताला भरीव लागते, बारीक असली तर अगदी हलके. बाहेरून हुबेहूब एक दिसणाऱ्या दोन पेट्या हाताला निरनिराळ्या का लागतात, याचा खुलासा या सळईत आहे. पंप बंद पडला तरी वर्म आणि नट यांचे यांत्रिक नाते तुटत नाही, गाडी जड हाताने का होईना वळवता येते. ही या रचनेतील मोठी सुरक्षितता होय.

आता दुसरा मुद्दा. पेटी बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी दोष खरोखर तिचाच आहे याची रीतसर चौकशी झाली पाहिजे, कारण चाकात येणाऱ्या ‘प्ले’चे, म्हणजे रिकाम्या हालचालीचे, आरोपी पुष्कळ असतात आणि शिक्षा मात्र बहुधा पेटीलाच होते. टायरमधील कमी हवा, झिजलेले टाय रॉडचे सांधे, सैल झालेला आयडलर आर्म, ढिले बॉल जॉइंट, चाकांची बिघडलेली संरेखा, आणि चाकाचा दांडा व पेटी यांना जोडणारी कापडमिश्रित रबराची चकती, यांपैकी कोणाच्याही अंगी तो दोष असू शकतो. तपासणीची पद्धत सोपी आहे. गाडी सपाटीवर उभी करावी, एकाने चाक हलकेच डावीउजवीकडे डोलवत राहावे, आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून, मग गाडीखाली वाकून, एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहावे. चाक हलते पण पेटीत शिरणारा दांडा हलत नाही, तर दोष रबरी चकतीत अथवा वरच्या सांध्यात. दांडा हलतो पण पिटमन आर्म हलत नाही, तर दोष बहुधा पेटीत. पिटमन आर्म हलतो पण टायर हलत नाही, तर पेटी निर्दोष आहे आणि पुढील सांध्यांची झडती घेतली पाहिजे. जेथे चकती बदलल्याने काम भागते तेथे पेटीसाठी खर्च करणारा मालक आपल्या पैशाचा अपव्यय तर करतोच, पण मूळ दोष तसाच ठेवून रस्त्यावर जातो, ही त्याहून गंभीर गोष्ट आहे.

पेटीतच झीज आहे असे ठरल्यावर पुष्कळांचा हात जातो तो तिच्या झाकणावर असलेल्या स्क्रूकडे आणि त्याच्या लॉक नटकडे. हा स्क्रू सेक्टर शाफ्टचे दाते नटाच्या दात्यांत किती घट्ट बसावेत हे ठरवतो, आणि रचनाकारांनी हे दाते मुद्दाम अशा रीतीने कापलेले असतात की चाके सरळ असताना पकड सर्वांत घट्ट असावी आणि वळणात ती किंचित सैल व्हावी. गाडी आयुष्याचा बहुतेक काळ सरळच चालते. साहजिकच मधले दाते प्रथम झिजतात. अशा पेटीचा स्क्रू मधला प्ले नाहीसा होईपर्यंत आवळला, तर न झिजलेले कडेचे दाते जाम होऊ लागतात, वळण घेतल्यानंतर चाक आपोआप मध्यावर परतत नाही, आणि ऐन वळणात गाडी चालकाच्या हाताला दाद देईनाशी होते. सबब स्क्रूचा उपयोग गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमानेच करावा: प्रथम पिटमन आर्म मोकळा करावा, मग वर्मच्या बेअरिंगचा दाब तपासावा, आणि शेवटी मध्यावर चाक फिरवण्यास लागणारा जोर मोजून स्क्रू बसवावा. इतके करूनही मध्यावर सैलपणा आणि कडेला घट्टपणा राहिला, तर त्या पेटीची सेवा संपली असे समजावे.

येथून निवडीचा खरा प्रश्न सुरू होतो, आणि या प्रकरणाचा मुख्य सिद्धांतही येथेच सांगितला पाहिजे. नवी पेटी शोधण्याचे काम हे वस्तुतः जुन्या पेटीची पूर्ण ओळख पटवण्याचे काम आहे. ती ओळख जितकी तपशीलवार, तितकी निवड निर्धोक. सॅगिनॉने एकाच धाटणीच्या आवरणात अनेक वाहनांसाठी अनेक प्रकारची अंतर्रचना भरली, त्यामुळे आवरणावर ओतलेला क्रमांक जुळला म्हणून पेटी जुळली असे मानणे धोक्याचे आहे. ओतीव क्रमांक केवळ आवरणाची साक्ष देतो. आतील प्रमाण, सळई आणि फेर रोखणारे थांबे यांविषयी तो मौन पाळतो.

ओळखीची पहिली कसोटी गाडीच्या जातीची. सी मालिकेत पिटमन आर्म आडवा, म्हणजे डावीउजवीकडे झुलतो, आणि मधल्या रिले रॉडला ढकलून दोन्ही चाके वळवतो. के मालिकेत तोच आर्म मागेपुढे झुलतो आणि ड्रॅग लिंकमार्फत डाव्या चाकाच्या वरील हाताला ओढतो व ढकलतो. एकाच वर्षी, एकाच नावाने विकल्या गेलेल्या दोन गाड्यांच्या पेट्या या कारणाने परस्परांच्या जागी बसत नाहीत. म्हणून विक्रेत्याकडे जाताना केवळ सन आणि नाव सांगून भागत नाही. सी की के, आणि वजनक्षमतेची श्रेणी कोणती, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी कसोटी दिशेची. काही वाहनांत स्टिअरिंगचे सांधे पुढील आसाच्या पुढे असतात, काहींत मागे. त्यानुसार वर्मची खाच उजव्या अथवा डाव्या वळणाची कापलेली असते. विजातीय गाडीची पेटी तिन्ही अथवा चारही बोल्टांवर चपखल बसली, आणि चाक डावीकडे फिरवल्यावर टायर उजवीकडे वळले, असे घडू शकते. याची परीक्षा बाकावरच करून घ्यावी: जुनी आणि नवी पेटी शेजारी ठेवून दोहोंचे दांडे एकाच दिशेने फिरवावेत, आणि सेक्टर शाफ्ट कोणत्या बाजूला वळतात ते पाहावे. क्षणभराची ही परीक्षा ज्याने टाळली त्याने कोणत्याही परिस्थितीत ती गाडी रस्त्यावर आणू नये.

तिसरी कसोटी प्रमाणाची. पिटमनच्या दांड्याला एक अंश फिरवण्यासाठी चालकाच्या चाकाला किती अंश फिरवावे लागते, त्या संख्येला प्रमाण म्हणतात. दांड्याचा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचा फेर 80 अंशांचा धरला, तर 24 ला 1 या प्रमाणाच्या साध्या पेटीत चाकाला पाचाहून थोडे अधिक फेरे लागतात, आणि 16 ला 1 या प्रमाणाच्या पॉवर पेटीत साडेतीनच्या आसपास. जनरल मोटर्सच्याच कॅमारो या वेगवान मोटारीच्या काही पेट्यांत हे प्रमाण 12.7 ला 1 इतके तीव्र होते, आणि तशी पेटी पिकअपला लावण्याचा मोह तरुण मालकांना होतो. परंतु जी तीव्रता ठेंगण्या, हलक्या मोटारीला शोभते तीच उंच, मागे भार वाहणाऱ्या आणि लांब स्प्रिंगपट्ट्यांवर डोलणाऱ्या गाडीत चालकाच्या प्रत्येक बारीक हालचालीला अवास्तव मोठे करते. शिवाय अशा पेटीच्या आतील थांबे मूळ गाडीच्या मापाचे असतात. ते पिकअपचे वळण अपुरे ठेवू शकतात. ओझे वाहणाऱ्या गाडीने कारखान्याने दिलेल्या प्रमाणापासून फार दूर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी कसोटी सांध्यांच्या मापांची. पेटीत शिरणाऱ्या दांड्यावरील बारीक खाचा, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, त्या सॅगिनॉच्या पेट्यांत सर्वत्र सारख्या नाहीत. जुन्या पेट्यांत 13/16 इंच व्यासावर 36 खाचा आढळतात, तर नंतरच्यांत 3/4 इंचावर 30. पेटी बदलली आणि ही मापे बदलली, तर रबरी चकतीची जोडणीही त्या मापाची आणावी लागते. तसेच पिटमन आर्म बसणाऱ्या दांड्याचा व्यास आणि त्याचा निमुळतेपणा जुन्या आर्मशी जुळला पाहिजे. तो जवळपास जुळतो म्हणून नट आवळून भागवणे हा गुन्हाच समजावा. पाचवी कसोटी तेलाच्या नळ्यांची. 1980 च्या सुमारास जनरल मोटर्सने येथे फेरफार केला: पूर्वी नळीचे पसरट तोंड धातूवर धातू दाबून बसत असे, नंतरच्या पेट्यांत मेट्रिक आटे आणि रबरी ओ-रिंग आली, दाबाच्या नळीला 18 मिलिमीटर आणि परतीच्या नळीला 16 मिलिमीटर. जुन्या नळ्या नव्या पेटीत जबरीने आवळल्यास आटे उखडतात, आणि पूर्ण वळणावर ज्या तेलाचा दाब दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या वर जातो ते तेल तेथून गळू लागते. पेटी आणि नळ्या एकाच पिढीच्या असाव्यात, अथवा मधला योग्य जोड आणावा.

ओळख पटल्यानंतर पेटी कोठून आणावी हा व्यवहाराचा प्रश्न उरतो, आणि त्याला साधारणतः चार मार्ग आहेत. मोडीत काढलेल्या गाड्यांच्या आवारातून पेटी उचलणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. परंतु तेथील पेटीही आपल्या पेटीइतकीच वृद्ध असण्याचा संभव असल्याने तिला पूर्ण वस्तू न मानता दुरुस्तीचा कच्चा माल मानावे. जुनी पेटी परत देऊन दुरुस्त केलेली पेटी घेण्याचा शिरस्ता अमेरिकेत सर्वत्र आहे. विक्रेता जुन्या पेटीसाठी अनामत घेतो आणि ती परत केल्यावर रक्कम देतो. या मार्गात सावधगिरी एकच: दुरुस्त पेटीत केवळ ऑइल सील बदलून वरून रंग दिला आहे, की झिजलेला वर्म, छर्रे आणि सेक्टर शाफ्टही बदलले आहेत, हे लेखी विचारून घ्यावे, आणि नवी पेटी बाकावर पूर्ण पारखून होईपर्यंत जुनी परत देऊ नये, कारण तुलनेचा एकमेव पुरावा तीच असते. तिसरा मार्ग सर्वस्वी नवीन पेटीचा. तो महाग, परंतु रोज ओझे वाहणाऱ्या गाडीला न्याय देणारा. चौथा मार्ग, म्हणजे आपलीच मूळ पेटी जाणत्या कारागिराकडून नव्याने बांधून घेणे, हा मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. त्यात ओळखीचा प्रश्नच मिटतो. आवरणाला तडा नसेल आणि सेक्टर शाफ्ट ज्या भोकात फिरतो ते भोक लंबवर्तुळाकार झिजलेले नसेल, तर हा मार्ग प्रथम विचारात घ्यावा.

साधी पेटी काढून पॉवर पेटी बसवण्याची इच्छा असल्यास हिशेब एका पेटीपुरता राहत नाही. पंप, त्याची पुली, कंस, नळ्या, आणि काही गाड्यांत चाकाच्या दांड्याची लांबीही बदलावी लागते. परक्या जातीची पेटी जुन्या वाहनात आणण्याची परंपरा पिकअपपुरती मर्यादित नाही. महिंद्र कंपनीने मुंबईत ज्यांची जोडणी केली आणि ज्या महाराष्ट्राच्या ग्रामीण रस्त्यांनी अनेक दशके पाहिल्या, त्या विलिस जीपच्या घराण्यात रॉस पद्धतीची पेटी असे. तिच्यात छर्रे नसून, कॅमच्या खाचेत निमुळत्या खिट्या सरकतात. त्या खिट्या आणि खाच झिजली की प्ले वाढतो, म्हणून अमेरिकेतील जीपमालक तिच्या जागी सॅगिनॉची पेटी बसवत आले आहेत. हा बदल चांगला उतरतो तो पेटीच्या थोरवीने नव्हे, तर तिच्यासाठी चेसिसवर भक्कम आधार घडवला जातो तेव्हाच.

आणि चेसिसकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही. के मालिकेच्या गाड्यांना, विशेषतः मोठे टायर चढवलेल्या गाड्यांना, पेटीच्या बोल्टांभोवती चेसिसच्या पट्टीत तडे जाण्याची खोड आहे. चालक चाक फिरवतो तेव्हा पेटी स्वतःच पट्टीसह वाकते आणि प्ले पेटीत असल्याचा भास होतो. पेटी उतरवली की त्या जागेवरील चिखल आणि जुने तेल तारेच्या ब्रशने खरवडून काढावे आणि प्रत्येक भोकाची कड उजेडात पाहावी. तडा आढळल्यास त्याच्या टोकाला भोक पाडून, वेल्डिंग करून, वर मजबुतीची पट्टी बसवल्याखेरीज नवी पेटी चढवू नये.

बसवण्याच्या कामात दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पिटमन आर्म पुलरनेच काढावा, घणाचे घाव घालू नयेत. त्या धक्क्याने छर्ऱ्यांच्या गुळगुळीत खाचेत खळगे पडतात आणि चांगली पेटीही निकामी होते. दुसरे म्हणजे, नवी पेटी जोडण्यापूर्वी पंप आणि नळ्यांतील जुने तेल पूर्ण काढून टाकावे, कारण जुन्या पेटीच्या झिजेचा धातूचा चुरा त्यातच फिरत असतो. मग पुढील चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, चाक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवत राहावे, टाकीतील तेल भरत जावे, आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. फेसाळ तेल दिसले तर हवा अजून आत आहे असे समजावे.

या सर्व विवेचनातून एक गोष्ट वाचकाच्या ध्यानी आली असेल की योग्य पेटीची निवड ही किमतीची अथवा नावलौकिकाची बाब नसून मापांची आणि धीराची बाब आहे. गाडीची जात, फिरण्याची दिशा, प्रमाण, स्प्लाइन आणि नळ्या या पाच बाबी कागदावर लिहून घेऊन जो बाजारात जातो, त्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. आणि जो त्या न लिहिता जातो, त्याला उत्तम पेटीही अयोग्य मिळू शकते. मालकाला या कामाचा कंटाळा करण्याचा अधिकार नाही, कारण सैल चाकाची गाडी ज्याच्या अंगावर जाईल त्याने ती पेटी निवडलेली नसते. पेटी बसल्यावर पहिल्या शंभर-दोनशे मैलांनंतर सर्व बोल्ट आणि पिटमनचा नट पुन्हा तपासावेत, आणि पुढे दर वर्षी दोन माणसांची ती बोट ठेवून पाहण्याची परीक्षा करावी. इतकी शिस्त पाळली गेली, तर चाळीस वर्षांची पिकअपही आपल्या कामाच्या दिवसांत सरळ आणि विश्वासाने चालेल.